हवा निघेपर्यंत थांबा

गाडी घ्यायला गेलेला मराठी माणूस शोरूममध्ये काय वाट्टेल ते विचारतो. ॲव्हरेज किती देते, सनरूफ पावसात गळतं का, मागच्या सीटवर तिघं आणि मांडीवर एक भाचा मावतो का, मॅट फुकट मिळतील का. पण 'हिच्या पाण्यातली हवा कुठून काढायची?' असं आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलंच तर टाय लावलेला सेल्समन टायरकडे बोट दाखवेल. टायरमधल्या हवेचं मी बोलतच नाहीये. ती काढायला गल्लीतली पोरं समर्थ आहेत. मी म्हणतोय ती हवा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात दडून बसते, डोळ्यांना दिसत नाही, आणि बारा लाखांची गाडी भर दुपारी खंबाटकी घाटात बोनेट वर करून उभी करते.

ही हवा आत जाते कशी? बहुतेक वेळा आपल्याच हातानं. कूलंट बदललं, फाटलेला होज पाइप नवा टाकला, वॉटर पंप बदलला, की सगळ्या नळ्या रिकाम्या होतात. रिकाम्या म्हणजे हवेनं भरलेल्या. मग वरून कूलंट ओतलं की हवेनं शहाण्यासारखी जागा सोडून बाहेर पडावं, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. भाड्याच्या खोलीचा कायदा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी ही अपेक्षा धरू नये.

आत हवा राहिली हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण हिशेबाची आहे. लहान गाडीत साधारण चार-पाच लिटर कूलंट असतं. जितकं काढलं तितकं परत आत गेलं पाहिजे. पाच लिटर निघालं आणि पावणेचारच मावलं, तर उरलेल्या सव्वा लिटरच्या जागेत कोण बसलंय हे उघड आहे. पण आपल्याकडे त्या उरलेल्या सव्वा लिटरचा डबा हातात घेऊन मालक खूश होतो. "वाचलं की!" म्हणतो आणि डबा डिकीत ठेवतो.

हवा हलकी. ती वर जाते. आणि इंजिनात वर काय असतं? हेड. म्हणजे हवा थेट डोक्यात जाते. पुढचं सांगायला नको, पण सांगतो. इंजिनातली धग पाणी ज्या सहजतेनं उचलतं, तशी हवेला उचलता येत नाही. उष्णता वाहून न्यायच्या कामात पाणी हवेच्या वीसपटीहून सरस आहे. त्यात पंपाचीही अडचण होते. त्याचा पंखा पाण्याला ढकलायला केलेला. समोर हवेचा गोळा आला की तो नुसता फिरतो, ढकलत काहीच नाही. मग हेडचा जेवढा भाग कोरडा, तेवढा तापतो. फार तापला की हेड वाकतं, खालचं गॅस्केट जातं, आणि गॅरेजवाला फोनवर बोलायच्या आधी एक आवंढा गिळतो.

याहून वाईट म्हणजे काटा. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं बोलतो. तो हवेत लोंबकळत असेल, तर खाली इंजिन होरपळत असताना वर काटा निवांत निम्म्यावर बसलेला असतो. घरातल्या माणसांना तो काटा दाखवून "बघा, काही झालेलं नाही" म्हणणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या पाठीमागे तेव्हा बोनेटच्या फटीतून वाफ येत होती.

काट्याच्या आधी कान सांगतात. सकाळी गाडी सुरू केली, पहिली रेस दिली, की डॅशबोर्डच्या मागून बारीक खळखळ ऐकू येते. तिथे हीटरचा छोटा रेडिएटर असतो आणि हवा-पाणी एकत्र त्यातून जात असतं. या आवाजावर घरोघरी चर्चा होते. एक पक्ष म्हणतो एसीचं पाणी आहे, दुसरा म्हणतो दारात ठेवलेली बाटली हलतेय, आणि आजी म्हणतात झरा असावा. खळखळीला घाबरून गाडी गॅरेजला नेल्याचं उदाहरण दुर्मिळ. आपण साधारणपणे रेडिओचा आवाज वाढवतो.

जुन्या गाड्यांना हा उपद्रव कमी होता. ॲम्बॅसेडर किंवा जुनी जीप आठवून पाहा. रेडिएटर उंच, सरळ उभा, आणि त्याचं टोपण हेच सगळ्या पाण्यातलं सर्वात उंच ठिकाण. हवा आपोआप तिथे येऊन थांबायची. ड्रायव्हर सकाळी टोपण काढायचा, तांब्याभर पाणी ओतायचा, बुडबुडा निघून जायचा, टोपण बंद, कपाळाला हात, गाडी चालू. मग गाड्या देखण्या व्हायला लागल्या. नाक खाली उतरलं, बोनेट चपटं झालं, रेडिएटर इंजिनापेक्षा खाली गेला. आता सर्वात उंच जागा म्हणजे कुठे थर्मोस्टॅटचं घर, कुठे हीटरची नळी, कुठे असाच एखादा वाकलेला होज. हवा तिथे जाऊन बसते. काही कंपन्यांनी दया येऊन नेमक्या त्या जागी एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो सैल केला की आधी फुसफुस हवा आणि मग सलग कूलंट येतं. तो स्क्रू बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो, आणि आपला मेस्त्री तो लोखंडाच्या हिशेबानं पिळतो. त्यानंतरचं वाक्य नेहमी एकच असतं: "साहेब, हा आधीच तुटलेला होता."

त्याही मागे गेलं तर हवेचा प्रश्नच नव्हता, कारण पाणीच टिकत नव्हतं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझबाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यानंच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. त्या गाडीला आजच्यासारखा बंद रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं, आणि इंजिन त्यावर थंड राहायचं. त्यामुळे वाटेत मिळेल तिथे थांबायचं आणि पाणी ओतायचं. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा बाईंनी टोपीच्या पिनेनं ती मोकळी केली. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास असा, माहेरची ओढ आणि पाण्याचा शोध या दोन गोष्टींवर पार पडला. पुढे १९०१ च्या मर्सिडीझमध्ये विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर बसवला आणि पाणी आतल्या आत फिरू लागलं. फोर्डच्या मॉडेल टीमधून तर सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर पाण्याचा पंपच काढून टाकला. गरम पाणी वर जातं, गार खाली येतं, एवढ्या निसर्गनियमावर ती गाडी १९२७ पर्यंत बनत राहिली.

फोक्सवॅगनच्या बीटलनं हा सगळा व्यापच नाकारला. रेडिएटर नाही, होज नाही, कूलंट नाही. पंखा लावला आणि इंजिन हवेनंच थंड केलं. अशा दोन कोटींहून जास्त गाड्या २००३ पर्यंत बनल्या. थोडक्यात, हवा इंजिनाच्या बाहेर असेल तर तीच तारणहार आणि आत गेली तर तीच वैरीण.

आता प्रत्यक्ष हवा काढायची कशी ते पाहू. कृती कागदावर चार ओळींची आहे. इंजिन थंड असताना टोपण काढा. गाडीचं नाक वर राहील अशी चढावर उभी करा. हीटर फुल लावा. इंजिन स्लोवर चालू ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. यात अवघड काय, असं वाटेल. अवघड आहे ते एकच: आजूबाजूला माणसं असतात.

नाक वर करायला चढ लागतो, आणि शहरात चढ म्हणजे सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प. आमच्याकडचे एक गृहस्थ एका रविवारी गाडी अशी रॅम्पवर लावून, बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, हातात नरसाळं घेऊन उभे राहिले. अडकलेली हवा सुटायला बराच वेळ लागतो आणि तेवढा वेळ मराठी माणूस दुसऱ्याला एकटं उभं राहू देत नाही. पहिले काका दुधाची पिशवी घेऊन आले.

"गाडी चालू राहिलीय तुमची."

"हो, ठाऊक आहे."

"मग बंद करा की. पेट्रोल काय भाव आहे!"

"हवा काढतोय, काका."

"अहो, पंक्चरवाला कोपऱ्यावर आहे. इथं कशाला?"

त्यांच्यामागून निवृत्त इंजिनीयर आले. ते आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते, म्हणजे पाण्याशी संबंध होता. त्यांनी आधी गाडी किती साली घेतली ते विचारलं, मग किती फिरली, मग किती मायलेज देते, आणि शेवटी आपण ही कंपनी का घेतली नाही ते सांगितलं. वॉचमननं बेसमेंटमधून वर यायला निघालेल्या तिघांना हातानं थोपवून धरलं होतं. त्यांतला एक रिक्षावाला. त्याच्या जुन्या रिक्षाच्या इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता, ते वाऱ्यावरच थंड व्हायचं. पण सगळ्यात ठाम सल्ला त्याचाच होता: "साहेब, थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो?"

हा सल्ला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात, कुठल्याही आजारावर मिळतो, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची एक झडप. तिच्या पोटात मेण भरलेलं असतं. इंजिन गार असताना झडप बंद, म्हणजे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि लवकर तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, गाडीप्रमाणे, मेण वितळून फुगतं, झडप उघडते, आणि मग रेडिएटर कामाला लागतो. ती काढून टाकली तर इंजिन नेहमीच अर्धवट गार राहतं. ऑइल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन झिजतं. बर्फ न पडणाऱ्या प्रदेशातही इंजिनाला स्वतःची ऊब लागते. आणखी एक खुबी अशी की बऱ्याच थर्मोस्टॅटच्या चकतीला एक बारीक भोक आणि त्यात एक सैल पिन असते. ते भोक हवा जाण्यासाठीच ठेवलेलं आहे आणि ते वरच्या बाजूला यावं लागतं. मेस्त्रीनं चकती उलटी बसवली की भोक तळाशी जातं, हवा वर राहते, आणि मग मालक पुन्हा कूलंटचा डबा घेऊन येतो.

थांबायचं ते या मेणासाठी. झडप उघडत नाही तोवर निम्म्या नळ्यांत हालचालच होत नाही. तिथली हवा कितीही हॉर्न वाजवला तरी येणार नाही. पण वाट पाहणं हा आपल्याकडे उपचार मानला जात नाही. काहीतरी केलं पाहिजे. कुणी बोनेटवर थापट्या मारतं. कुणी गाडी गदागदा हलवून बघतं. कुणी जोरजोरात रेस द्यायला सांगतं, त्यानं बुडबुडे बारीक होऊन पाण्यात आणखीच मिसळतात. रॅम्पवरच्या त्या गृहस्थांना तेवढ्या वेळात किमान चार जणांनी 'सरका, मी बघतो' असं म्हटलं. त्यांतल्या दोघांकडे गाडी नव्हती.

आणि मग हीटर. हवा काढण्याच्या कामात यांत्रिक अडचणींपेक्षा ही अडचण मोठी, कारण ती आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीच्या विरुद्ध जाते. महाराष्ट्रात गाडीतलं ते तापमानाचं बटण शोरूममधून निघताना निळ्या टोकाला लावलं जातं आणि गाडी विकली जाईपर्यंत तिथेच राहतं. लाल टोकाला काय होतं हे अनेकांना ठाऊकच नसतं. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना मेस्त्री जेव्हा सांगतो, "साहेब, आत बसा, हीटर फुल करा," तेव्हा साहेब आधी मेस्त्रीकडे बघतात, मग आकाशाकडे. पण त्यात अर्थ आहे. हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये हवेला लपायला उत्तम जागा असते. ज्या गाड्यांत त्याच्या वाटेवर झडप असते, तिथे बटण लाल टोकाला नेल्याशिवाय ती वाट उघडतच नाही. काही गाड्यांत अशी झडप नसते, तिथे कूलंट नेहमीच फिरतं. पण हे मेस्त्रीला समजावून सांगायला जाऊ नये. गप आत बसावं.

आत बसलेल्या माणसाचं काम एवढंच की हीटरमधून काय येतंय ते ओरडून सांगायचं. इंजिन तापलेलं असूनही थंड झुळूक येत असेल तर हीटरमध्ये अजून हवा आहे. गरम आली, तर वाट मोकळी झाली. म्हणून विदर्भातल्या भर उन्हात, खिडक्या खाली करून, घामानं निथळत बसलेला एखादा इसम मध्येच आनंदानं किंचाळतो, "आली! आली! गरम हवा आली!" रस्त्यानं जाणारे लोक त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहतात.

खरा सोहळा मात्र बोनेटखाली चालतो. रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसणारं मोठं नरसाळं लावलेलं असतं आणि त्यात निम्म्यापर्यंत हिरवं कूलंट. बराच वेळ काहीच होत नाही. इंजिनाच्या थरथरीनं पृष्ठभागावर बारीक गोल रेघा उमटत राहतात. मग नरसाळ्याच्या बुडाशी राईच्या दाण्याएवढे बुडबुडे चिकटायला लागतात; एक सुटतो, दुसरा सुटतो. मेस्त्री हातावर फडकं घेतो आणि वरचा जाड होज दाबतो. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. होज अजून गार आहे. अचानक तो गरम लागतो. मेणानं आपलं काम केलं. मेस्त्री न बोलता फक्त मान हलवतो. त्याच वेळी खालून 'ढब' आवाज होतो, नरसाळ्यात एक भला मोठा बुडबुडा फुटतो आणि हिरवी पातळी एकदम दोन बोटं खाली उतरते. हेच ते सव्वा लिटर. डिकीतला डबा परत काढावा लागतो.

यानंतर रेडिएटरचा पंखा आपणहून लागेपर्यंत थांबायचं. लागला, बंद झाला, की पुन्हा एकदा लागेपर्यंत थांबायचं. बुडबुडे थांबले, वरचा आणि खालचा होज दोन्ही गरम झाले, हीटर गरम वारा देतोय, मग काम झालं. तरी संपलं म्हणायचं नाही. गाडी थंड झाली की कूलंट आकसतं आणि टोपणातली उलटी झडप बाजूच्या बाटलीतलं कूलंट आत ओढून घेते. म्हणजे हवा काढायचं उरलेलं काम रात्री, सगळे झोपल्यावर, गाडी स्वतः करते. सकाळी बाटलीतली पातळी खाली गेलेली दिसते. तेवढी भरून टाकायची. या पातळीला घाबरून 'कूलंट चोरीला गेलं' म्हणून वॉचमनला झापणारे लोक आहेत.

कधीकधी बुडबुडे थांबतच नाहीत. पंखा दोनदा लागला, तीनदा लागला, आणि नरसाळं अजून उकळी फुटल्यासारखं चाललंय. इथे मेस्त्रीचा चेहरा बदलतो. तो इंजिन बंद करतो, नरसाळ्याजवळ नाक नेतो. पेट्रोलच्या धुराचा वास आला तर ही हवा बाहेरून आलेली नाही. हेड गॅस्केट फुटलंय आणि सिलिंडरमधला जळलेला वायू थेट पाण्यात घुसतोय. हा वायू काढून संपणार नाही, कारण इंजिन चालू आहे तोवर तो तयार होतोय. खात्री करायला एक निळं रसायन मिळतं. कूलंटवरची हवा त्यातून ओढली आणि ते पिवळं झालं, तर हेड खोलायचं. मग कृती संपते आणि कर्ज सुरू होतं.

मोठ्या वर्कशॉपमध्ये या सगळ्याला फाटा देणारं एक साधन असतं. रेडिएटरच्या तोंडाला ते लावतात आणि कंप्रेसरची हवा त्याच्या अरुंद तोंडातून जोरात सोडतात. त्या झोतानं आतली हवा ओढली जाते. होज चपटे पडतात. साधनावरचा काटा काही मिनिटं स्थिर राहिला तर कुठे गळती नाही हेही कळतं. मग एक कॉक फिरवला की कूलंट आपोआप आत खेचलं जातं आणि हवेला शिरायला फटच राहत नाही. नाक वर करणं नाही, हीटर नाही, काका नाहीत. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीला याबद्दल विचारलं तर तो म्हणतो, "त्यात मजा नाही."

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे या जाचातून सुटलो, असंही समजू नये. बहुतेक नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या कूलंटनंच थंड ठेवतात. त्यातही नळ्या, पंप आणि उंच कोपरे असतात, आणि हवाही अडकते. फरक एवढाच की तिथे अनेकदा लॅपटॉप जोडून पंप चालवावा लागतो, त्यामुळे सोसायटीतल्या इंजिनीयरांऐवजी त्यांच्या नातवाला बोलावतात.

हे सगळं घाटात मात्र फार पटकन गंभीर होतं. कसारा, बोरघाट, खंबाटकी, कात्रज. चढ, ओझं, एसी आणि पुढे रांगणारा ट्रक. जुन्या बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नमस्काराला थांबायची पद्धत होती, तेवढ्यात इंजिनालाही दम मिळे. आता द्रुतगती मार्गावर कुणाला थांबायचं नसतं. काटा वर सरकला तर पहिलं काम एसी बंद, दुसरं हीटर फुल. हो, पुन्हा हीटर! तो आतली उष्णता ओढून तुमच्या तोंडावर सोडतो आणि इंजिनाचा भार कमी करतो. मुलं रडतील, सासूबाई बोलतील, पण हेड वाचेल. त्यानंही काटा उतरला नाही, तर जागा बघून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

नेमकी इथे आपली जुनी सवय घात करते. थांबलेल्या गाडीभोवती माणसं जमतात, पाण्याच्या बाटल्या पुढे येतात आणि कुणीतरी म्हणतो, "टोपण काढा, वाफ जाऊ द्या." घरात वाफ जिरायच्या आत कुकरचं झाकण कुणी ओढत नाही, रेडिएटरचं टोपण त्याच तत्त्वावर चालतं, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरच्या उंचीवर ९५-९६ लाच. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं, आणि टोपणाच्या दाबाखाली ते १२५ च्या पुढेही पाणीच राहू शकतं. टोपण सैल झालं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर, हातांवर उसळतं. गार पाण्याची बाटली तापलेल्या इंजिनात ओतली तर हेडला तडा जाऊ शकतो, तो वेगळाच.

कूलंटचं आणखी एक. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. हवा काढताना रॅम्पवर सांडलेलं हिरवं पाणी सोसायटीचं मांजर किंवा कुत्रं चाटतं आणि मरतं. सांडलं की लगेच पुसा, भरपूर पाण्यानं धुवा, आणि उरलेला डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कूलंट बदललं की किती निघालं आणि किती गेलं ते मेस्त्रीला विचारा. डॅशबोर्डमागे खळखळ आली तर रेडिओ वाढवू नका. हवा काढताना पंखा दोनदा लागेपर्यंत मेस्त्रीला घाई करू नका. त्याचा तेवढा वेळ जाईल, तुमचं हेड राहील. आणि इंजिन गरम असताना टोपणाला हात लावू नका. जमलेल्यांत कितीही जाणकार असले, तरी वरच्या होजला हात लावता येईल इतकी गाडी थंड होईपर्यंत थांबा. चहा प्या. हवा तोवर कुठेही जात नाही.